खत झाडाला घाला, विहिरीला नको

मैत्रिणींनो, खतासाठी गटातून कर्ज काढलं तर ते खत झाडाच्या पोटात गेलं पाहिजे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं जेमतेम 21 किलो. गोणी वरच्यावर फोकली तर त्यातलं बरंच अमोनिया वायू होऊन उडून जातं. उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं आणि मोकाट पाणी सोडलं की ते मुळांच्या खाली उतरतं, पुढे विहिरीतही जातं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं मानक आहे. जास्त झालं तर सगळ्यात मोठा धोका त्या पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. त्याच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, अंग निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

आता केळीचं बघू. रावेर-यावलकडच्या बायांना हा हिशोब पाठ असेल, नव्याने केळी लावणाऱ्यांसाठी सांगते. शिफारस आहे एका झाडाला नत्र 200 ग्रॅम, स्फुरद 40 आणि पालाश 200. म्हणजे युरिया 435 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 250 ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश 335 ग्रॅम. युरियाचे सात हप्ते करायचे. पहिले चार 82 ग्रॅमचे, पुढचे तीन 36 ग्रॅमचे. पहिला लागवडीनंतर महिन्याच्या आत, मग दर दीड महिन्याने. सुपर फॉस्फेट पहिल्याच हप्त्यात सगळं. पोटॅशचे चार भाग, त्यातले दोन घड भरायच्या काळासाठी राखून ठेवायचे. माती परीक्षण केलं असेल तर त्या पत्रिकेप्रमाणे हे कमी-जास्त करा.

हे मुठीने मोजू नका, मूठ प्रत्येकीची वेगळी. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा 82 ग्रॅम युरिया तोला, एका डब्यात ओता आणि डब्यावर खूण करा. तो डबा परत स्वयंपाकघरात आणायचा नाही. खत खोडाला चिकटून टाकू नका. थोडं लांब, गोल बांगडीसारखं टाका, मातीने झाका आणि हलकं पाणी द्या. मोठा पाऊस दिसत असेल तर हप्ता चार दिवस पुढे ढकला.

भाजीला तर फारच थोडं लागतं. एक गुंठा भेंडीला पूर्ण हंगामात युरिया सव्वादोन किलोच्या आतच. निम्मा पेरताना, निम्मा महिन्याने. सोबत सुपर फॉस्फेट तीन किलो आणि पोटॅश पाऊण किलोच्या थोडं वर, दोन्ही पेरतानाच. जास्त युरियाने भेंडी हिरवीगार दिसते खरी, पण कोवळ्या पाल्यावर मावा-तुडतुडे येतात. मग फवारणीचा खर्च! युरिया स्वस्त मिळतो म्हणून हात सैल सुटतो, हे खरं दुखणं.

शेणखत चांगलं कुजलेलंच घाला. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि तणाचं बी शेतात येतं.

घड काढल्यावर केळीचं खोड बांधावर टाकायची सवयही सोडा. झाडाने उचललेला बराचसा पालाश त्या खोडा-पानांतच असतो. तुकडे करून ओळींमध्ये पसरले की ते कुजून पालाश जमिनीत परत जातो, ओलही टिकते. फक्त सीएमव्ही रोग आलेली झाडं यात घेऊ नका, ती उपटून शेताबाहेर नष्ट करा.