बुद्धिवंतांची मंडळे आणि नोंदीची कसोटी

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. तेथील मूर्ती आजही बेताच्याच उंचीची असते. तेथून फारशा दूर नसलेल्या खेतवाडीच्या गल्ल्यांतून तिच्या कितीतरी पट उंच मूर्ती उभ्या राहतात. तरीही मुंबईतील उत्सवांची सूची करावयास बसलेला कोणताही जबाबदार संपादक चाळीच्या गणपतीला वगळणार नाही, आणि केवळ उंचीच्या बळावर प्रत्येक गल्लीतील मंडळाला जागाही देणार नाही. मूर्तीची उंची आणि मंडळाची दखलपात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लालबाग-परळच्या लहान मुलालाही समजते. बुद्धीचा विषय निघाला की मात्र ही समज कोठे जाते, न कळे.

हे आठवण्यास कारण घडले ते असे. परळमधील आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडणाऱ्या संस्थांची एक परिचयपुस्तिका तयार करण्याचे ठरले. शिष्यवृत्त्या, स्पर्धापरीक्षा, प्रज्ञाशोध असे विभाग पाडण्यात आले आणि ‘उच्च बुद्ध्यंकधारकांची मंडळे’ हा छोटासा विभाग, अर्थशास्त्रवाल्यांना आकडे कळतात या काहीशा उदार समजुतीने, प्रस्तुत लेखकाकडे आला. एका पानात काम आटोपेल असे वाटले होते. परंतु जगात अशी मंडळे बरीच निघाली. काहींचे सभासद हजारोंनी आहेत, तर काहींचे अस्तित्व एक संस्थापक आणि त्याने रचलेली एक चाचणी एवढ्यापुरतेच आहे.

त्यातच लालबागचा आमचा द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी अशाच एका मंडळाचे प्रमाणपत्र घेऊन आला. घरबसल्या प्रश्न सोडवून आणि शुल्क भरून मिळविलेल्या त्या कागदावर त्याचा बुद्ध्यंक १६४ असा छापलेला होता. शुल्काची रक्कम त्याच्या घरच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्म्याइतकी होती. पुस्तिकेत आपल्या मंडळाचे नाव आले, तर नोकरीच्या मुलाखतीत या कागदावर कोणी शंका घेणार नाही, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले होते. अशा बाजारात माणूस तिऱ्हाइताची ग्वाही शोधतो. विश्वासाने उघडली जाणारी सूची ही अशीच एक ग्वाही आहे, आणि म्हणूनच तिच्यात कोणाला घ्यावयाचे हा प्रश्न हलका नाही.

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे प्रवेशाच्या अटीची उंची. १९४६ मध्ये ऑक्सफर्ड येथे रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी स्थापन केलेली ‘मेन्सा’ ही संस्था शंभरातील वरच्या दोघांना घेते. १९६६ ची ‘इंटरटेल’ शंभरातून एकाला, १९७८ ची ‘ट्रिपल नाइन’ हजारातून एकाला. रोनाल्ड हॉफ्लिन यांनी १९८२ मध्ये काढलेली ‘प्रोमेथियस’ तीस हजारांतून एकाला घेते आणि त्यांचीच ‘मेगा’ दहा लाखांतून एकाला. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. हेच प्रमाण येथे लावले, तर ‘मेन्सा’स पात्र असे सुमारे अडीच लाख मुंबईकर निघतील आणि ‘मेगा’स पात्र असे बारा. बारा माणसांनी बेस्टची एक बसही भरत नाही.

पण हे बारा ओळखावयाचे कसे? वेश्लर यांच्या प्रौढांसाठीच्या चाचणीची २००८ ची आवृत्ती २,२०० व्यक्तींच्या नमुन्यावर प्रमाणित केलेली आहे. एवढ्या नमुन्यात हजारातून एक अशी दोन माणसे सापडतील. दहा लाखांतून एक असे माणूस त्यात सापडण्याची अपेक्षाच धरता येत नाही. ज्या टोकाला मोजपट्टीवर खुणाच नाहीत, तेथे मोजमाप केले असे म्हणणे धाडसाचे ठरते. हॉफ्लिन यांनी यावर उपाय म्हणून स्वतःची ४८ प्रश्नांची चाचणी रचली. ती १९८५ मध्ये ‘ऑम्नी’ मासिकात प्रसिद्ध झाली. वेळेची मर्यादा नव्हती, प्रश्न घरी सोडवावयाचे होते. ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरे पाठविली आणि त्या हौशी मंडळींच्या गुणांवरून मानके ठरली. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही असा नमुना घेतला, तर आम्ही त्याला परत पाठवितो.

दुसरा घोळ मापांचा. ‘मेन्सा’ची एकच पातळी वेश्लरच्या मापाने १३०, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या मापाने १३२ आणि कॅटेलच्या मापाने १४८ अशी निघते, कारण तिघांचे प्रमाण विचलन निराळे आहे: १५, १६ आणि २४. रुपया, डॉलर आणि पौंड यांतील आकडे चलनाचे नाव न सांगता शेजारीशेजारी मांडण्यासारखेच हे आहे. आमच्या विद्यार्थ्याचे १६४ कॅटेलच्या मापाचे असतील तर तो साधारण अडीचशेतून एक ठरतो. स्टॅनफर्ड-बिनेच्या मापाचे असतील तर सुमारे तीस हजारांतून एक. प्रमाणपत्रावर मापाचा उल्लेखच नव्हता.

शिवाय मानके कोणाची, हाही प्रश्न उरतोच. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसविली आणि त्या कामावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या मुलांवर बेतलेली फूटपट्टी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे. इंग्रजी शब्दांच्या कोड्यांवर मराठी शाळेतील मुलाला तोलणारी मंडळे तिच्याही मागे आहेत.

तेव्हा उंचीची कसोटी बाद. मग उरते ती साधी, थोडी कंटाळवाणी कसोटी: मंडळाशी ज्यांचा काही संबंध नाही, अशा जाणत्या लोकांनी त्याच्याविषयी काही तपशिलाने लिहिले आहे काय? ते लेखन स्तुतीचे असण्याची गरज नाही. ‘मेन्सा’चे सन्मान्य अध्यक्ष राहिलेले सिरिल बर्ट १९७१ मध्ये निवर्तले. त्यांच्या जुळ्यांवरील आकडेवारीवर लिऑन केमिन यांनी १९७४ मध्ये गंभीर शंका घेतल्या, १९७९ मध्ये हर्नशॉ यांनी चरित्रात ती आकडेवारी बनावट असल्याचा निष्कर्ष काढला, आणि पुढे काहींनी बर्ट यांची बाजूही मांडली. या वादाने बुद्धिमापनाची प्रतिष्ठा उणावली असेल. विषयाची दखल मात्र पक्की झाली. ‘मेगा’लाही याच न्यायाने आमच्या पानावर जागा मिळाली, तिच्या मानकांवरील आक्षेपांसह. नोंद म्हणजे शिफारस नव्हे, हे वाचकाला नोंदीतच सांगितले पाहिजे. प्रस्तावनेत सांगून भागत नाही, कारण प्रस्तावना कोणी वाचत नाही.

‘गिनेस बुक’ने येथे दाखविलेला सुज्ञपणा मला फार मोलाचा वाटतो. मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांचे नाव ‘सर्वोच्च बुद्ध्यंक’ या सदरात काही वर्षे झळकत होते. १९९० मध्ये, या चाचण्यांवरून कोणा एकाला विक्रमवीर ठरविणे विश्वासार्ह नाही, म्हणून त्या पुस्तकाने ते सदरच बंद केले. विक्रम विकून चालणाऱ्या पुस्तकाने एक विक्रम काढून टाकावा, ही गोष्ट लहान नव्हे.

एक आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला आणि तो खरा आहे. नवे, प्रामाणिक, लहान मंडळ या कसोटीवर मागे पडणार, कारण त्याच्याविषयी अजून कोणी लिहिलेले नसणार. याला माझ्याजवळ उत्तर नाही. कोश आणि सूच्या उशिराच पोचतात. अगोदर पोचल्या तर त्यांची जाहिरात होते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसाठीही आग्रह होता. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेली ही संस्था बुद्धिमान मुले निवडते, परंतु ती बुद्ध्यंकधारकांचे मंडळ नव्हे. तेव्हा तिची नोंद प्रज्ञाशोधाच्या विभागात, आणि अधिक विस्ताराने, घेण्यात आली.

शेवटी आमच्या पानावर वर सांगितलेली पाच नावे राहिली. लालबागच्या मुलाचे मंडळ त्यात नाही. मी त्याला कारणे सांगितली, तेव्हा त्याने वाद घातला नाही. अर्जात मग काय लिहू, एवढेच विचारले. संख्याशास्त्राचे गुण लिही, असे मी म्हणालो. प्रमाणपत्राची घडी घालून त्याने ते पिशवीत ठेवले आणि पुस्तिकेचा मसुदा वाचावयास मागून नेला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यातली एक चूक दाखविली. ‘मेगा’च्या टिपणात मी मुंबईचे तीनच पात्र लोक धरले होते, ‘सर, तुम्ही शहर जिल्ह्याची लोकसंख्या घेतलीत, उपनगरे राहिली.’ आकडा आता बारा केला आहे.