हेल्मेट घातलंय, मग भीती कसली?

पेणमधल्या इमारतींच्या परांच्या, डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. उंचावर काम करणारी माणसं या पट्ट्यात भरपूर आहेत आणि त्यांच्या खाली वावरणारी त्याहून जास्त. त्यांच्या मनात घट्ट बसलेल्या काही समजुती जिवावर बेतू शकतात.

गैरसमज: वरून हाक मारली की खालचा बाजूला होतो.
बारा मीटरवरून, म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून निसटलेला पाना दीड सेकंदात खाली येतो, तोही ताशी 55 किलोमीटर वेगाने. हाक कानावर पडून पाय हलेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. शिवाय ‘अरे ए!’ ऐकलं की माणूस हटकून मान वर करतो. हेल्मेट मागे सरकतं आणि नेमके कपाळ आणि डोळे उघडे पडतात.

गैरसमज: हेल्मेट आहे, बस्स.
हेल्मेट हवंच. पण त्याची सगळी करामत आतल्या पट्ट्यांत आहे. कवच आणि डोकं यांच्यामधल्या मोकळ्या जागेत धक्का विरतो. तिथे रुमाल किंवा तंबाखूची पुडी खोचली की ती जागाच जाते. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करावं. आणि विटांनी भरलेलं घमेलं खांद्यावर आलं, तर हेल्मेट काय करणार? म्हणून बंदोबस्त वरच हवा: परांचीच्या कडेला उभी फळी, पान्याला दोरी, खाली जाळी, आणि क्रेन भार उचलत असताना त्याखालची वाट बंद. हेल्मेटं वाटली म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही, हे ठासून सांगायलाच हवं.

गैरसमज: ग्राइंडर चालवताना डोळे बारीक केले की झालं.
चार इंची डिस्क मिनिटाला 11,000 फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. डिस्क फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो. उडणाऱ्या कणांपासून डोळे वाचवण्यासाठी पडदा किंवा गॉगल देणं 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 35 मध्येच बंधनकारक केलं. नजरेचा चष्मा इथे चालत नाही, तो बाजूंनी उघडा असतो. आणि ‘हात अडतो’ म्हणून गार्ड काढायचा नाही.

गैरसमज: काम बंद, म्हणजे धोकाही बंद.
3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा घराघरांवरचे पत्रे उडाले. अर्धवट बांधकामावरचे सुटे पत्रे आणि प्लाय तर आणखी सहज उडतात. इशारा आला की ते आधी खाली उतरवून बांधावेत. वारा पडल्यावर बिगारी खाली कामाला लागण्याआधी मुकादमाने वरची प्रत्येक फळी हलवून पाहावी. वाऱ्याने सैल केलेली फळी दुसऱ्या दिवशीही पडू शकते.