अर्गोथायोनिन: अळंबीतलं अँटिऑक्सिडंट

मी खडवलीहून बोलतोय. पावसाळा लागला की आपल्या टिटवाळा-खडवली-वासिंद पट्ट्यात रानभाज्यांसोबत अळंबीही विकायला येते. आजचा विषय त्याच अळंबीतला: अर्गोथायोनिन.

हे गंधक असलेलं अमिनो आम्ल. १९०९ साली फ्रेंच औषधशास्त्रज्ञ शार्ल तांरे यांना ते अरगट बुरशीत सापडलं, म्हणून हे नाव. गंमत अशी, की हे आपलं शरीर बनवत नाही. ते बनवतात बुरश्या आणि काही जिवाणू. तरीही ते आत घेणारं खास वाहक प्रथिन आपल्या पेशींवर असतं, हे २००५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. मग ते लाल रक्तपेशी, यकृत, डोळ्याचं भिंग अशा ठिकाणी साठतं आणि पेशींची झीज रोखायला मदत करतं. ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी तर २०१८ मध्ये त्याला दीर्घायुष्याचं जीवनसत्त्व मानावं, असं सुचवलं.

मग कॅप्सूल घ्यायची का? जरा थांबा. स्वीडनमधल्या अभ्यासात रक्तात अर्गोथायोनिन जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला. सिंगापूरमध्ये स्मरणशक्ती मंदावलेल्या ज्येष्ठांच्या रक्तात ते कमी आढळलं. पण दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं, आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं. त्याने आजार बरा होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. चालू असलेली औषधं यासाठी बंद करू नका.

त्यापेक्षा ताटात धिंगरी आणा. बटण मशरूमपेक्षा तिच्यात हे साधारणपणे जास्त असतं. शिजवल्याने ते फारसं नष्ट होत नाही, मात्र पाण्यात उतरतं. म्हणून उकळलेलं पाणी ओतून देऊ नका, रश्शात वापरा. राजम्यातही ते थोडं मिळतं.

आणि एक गोष्ट कळकळीची. रानात दिसली छत्री की तोडली, असं करू नका. चांदीचा चमचा किंवा लसूण काळी पडते का, ही परीक्षा बिनकामाची. काही छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी सुरू होतात, तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली भाजी सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

ओळखीची अळंबी किंवा बाजारातली धिंगरी, एवढं पुरे. भेटू पुढच्या भागात!