मुलाने परदेशातून गिटारचं पेडल मागवलंय?

मागच्या वर्षी मावशी लेकीकडे टोकियोला निघाली, तेव्हा भिलाईतल्या आमच्या घरून तिच्या बॅगेत दोन गोष्टी गेल्या. आईने दिलेले चिवड्याचे डबे आणि माझ्या धाकट्या भावाची चिठ्ठी. चिठ्ठीत दोनच शब्द होते, ‘डिले पेडल’. रात्री मावशीचा फोन आला, ‘‘अरे, सायकलचं पेडल जपानहून कशाला आणायचं?’’

सगळे पोट धरून हसलो. मावशीने मात्र दुकान शोधून, स्वतःच्या पैशांनी पेडल आणलं. दुकानदाराने सोबत दिलेला अ‍ॅडॉप्टरही घेतला. घरी आल्यावर भावाने तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला आणि पाचच मिनिटांत जळका वास सुटला. नशीब, पेडल वाचलं. मावशी मात्र कितीतरी दिवस म्हणत राहिली, ‘‘मीच नीट विचारायला हवं होतं.’’

खरंतर चूक तिची नव्हती, अर्धवट चिठ्ठीची होती. हल्ली घरोघरी एक तरी गिटार असते आणि कुणी ना कुणी परदेशी जात असतं. म्हणून आणणाऱ्याने आणि मागवणाऱ्याने काही गोष्टी आधीच ठरवायला हव्यात.

पेडल म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडायची ही छोटी डबी असते. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनमुळे आवाज खरखरीत, दमदार होतो. डिले आवाजाचा प्रतिध्वनी देतं, रिव्हर्बमुळे मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखं वाटतं, तर कोरसमुळे एकाच वेळी दोन-तीन गिटारी वाजत असल्याचा भास होतो. जपानच्या बॉस कंपनीने 1977 मध्ये छोट्या आकाराची पेडल बाजारात आणली आणि आजही त्यांचा आकार जवळपास तसाच आहे. म्हणजे वस्तू लहान आहे, हँडबॅगेत सहज मावते.

परदेशातूनच का?

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची त्या वेळची नवी यंत्रं सिंगापूरहून आणली आणि 1982 मध्ये त्यांवर रागांवर आधारित एक अल्बम केला. काही दशकांनी जगभरातल्या श्रोत्यांनी तो नव्याने शोधून काढला. बॉस हा याच रोलंडचा ब्रँड. त्या काळी परदेशातून आणण्याशिवाय फारसा मार्ग नव्हता. आज मात्र नेहमीची पेडल भारतात, घरबसल्या मिळतात.

म्हणून आधी इथली किंमत बघा. परदेशातल्या किमतीत कर, लागला तर सीमाशुल्क आणि वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळवा. पेडलची वॉरंटी बहुतेकदा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, तेही लक्षात घ्या. फरक थोडाच असेल तर इथेच घेणं शहाणपणाचं. इथे न मिळणारं मॉडेल किंवा चांगल्या अवस्थेतलं जुनं पेडल हवं असेल, तर मात्र परदेशातली फेरी सार्थकी लागते.

कुठे शोधाल?

टोकियोत ओचानोमिझु स्टेशनबाहेर पडलं की वाद्यांच्या दुकानांची रांगच लागते. नवी-जुनी दोन्ही पेडल तिथे मिळतात. सोलमध्ये नाकवॉन आर्केड ही वाद्यांची मोठी बाजारपेठ आहे. सिंगापूरला सिटी हॉल स्टेशनजवळच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये गिटारची दुकानं आहेत. लंडनमधली डेन्मार्क स्ट्रीट तर संगीतासाठीच ओळखली जाते.

दुकानात पेडल वाजवून बघू द्या, अशी विनंती करायला लाजू नका. स्वतःला वाजवता येत नसेल तर घरच्या गिटारवाल्याला व्हिडिओ कॉल लावा आणि दुकानदाराला वाजवायला सांगा. जुनं पेडल असेल तर प्रत्येक खटका फिरवून बघा, बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का ते पाहा. जपानमध्ये एखाद्या वस्तूवर ‘जंक’ असं लिहिलेलं असेल, तर ती चालेलच याची हमी दुकानदार देत नाही. स्वस्त दिसली तरी ती वस्तू जाणकारासाठीच ठेवा.

विजेचं गणित

आमच्या घरी झालेली गडबड इथलीच. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, अमेरिकेत 120 आणि आपल्याकडे 230. फक्त 100 व्होल्टसाठी बनवलेला अ‍ॅडॉप्टर आपल्या सॉकेटमध्ये लावला तर तो जळणारच. पिनांचा आकार बदलणारा कनव्हर्टर लावून उपयोग नाही. त्याने पिना बदलतात, व्होल्ट नाही.

अ‍ॅडॉप्टरवर ‘इनपुट’समोर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल तरच तो घ्या. नाहीतर फक्त पेडल घ्या आणि अ‍ॅडॉप्टर भारतात विकत घ्या. बहुतेक पेडलना 9 व्होल्ट डीसी लागतं आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. पण सगळ्यांचं तसं नसतं. काही जुन्या फझ पेडलची जोडणी उलटी असते, काहींना एसी लागतं. करंटही बघायला हवा. साध्या ओव्हरड्राइव्हला थोडा करंट पुरतो, डिजिटल डिलेला बराच जास्त लागतो. पेडलच्या मागच्या लेबलचा फोटो काढून घरी पाठवा, म्हणजे काम सोपं होतं.

कर आणि कस्टम्स

जपानमध्ये उपभोग कर 10 टक्के आहे. करमुक्त विक्रीची पाटी असलेल्या दुकानात एका दिवशी किमान 5,000 येनची खरेदी केली, तर परदेशी पाहुण्यांना या करातून सूट मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. 1 नोव्हेंबर 2026 पासून मात्र तिथे आधी करासह पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना तपासणी झाल्यावर परतावा घ्यायचा, अशी पद्धत येत आहे. सिंगापूरमध्ये कर 9 टक्के आहे आणि किमान 100 सिंगापूर डॉलरच्या खरेदीवर पर्यटकांना विमानतळावर परतावा मागता येतो. लंडनच्या दुकानांत 2021 पासून पर्यटकांसाठी ही सोय उरलेली नाही.

परत येताना आपल्या सीमाशुल्काचा विचार करा. 2016 च्या बॅगेज नियमांत माणशी 50,000 रुपयांपर्यंतची सवलत होती. हे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर ताजी मर्यादा बघा. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येत नाही. भिलाईकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपण शेवटी रायपूरला उतरत असलो, तरी कस्टम्सची तपासणी साधारणपणे मुंबई किंवा दिल्लीलाच होते. पावती तिथे हाताशी हवी, चेक-इन बॅगेच्या तळाशी नको.

स्वतःचं महाग वाद्य बाहेर नेत असाल, तर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना ते तिथेच विकत घेतलं नाही, हे पटवून देत बसावं लागेल.

सामानात कसं ठेवाल?

पेडल शक्यतो केबिन बॅगेत ठेवा. आतली बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि खटके तुटू नयेत म्हणून मऊ कपड्यात गुंडाळा. तपासणीत धातूची डबी दिसल्यावर विचारणा होऊ शकते. शांतपणे ‘गिटारचं पेडल’ म्हणून दाखवा.

आणि चिठ्ठी पूर्ण लिहा

यंदा काका सिंगापूरला निघालेत. या वेळी भावाने दिलेली चिठ्ठी पानभर आहे. पेडलचं नाव, मॉडेल, फोटो, भारतातली किंमत, ‘यापेक्षा महाग असेल तर घेऊ नका’ अशी रक्कम आणि खाली लाल शाईत, ‘अ‍ॅडॉप्टर नको.’ पैसे त्याने शिकवणीच्या कमाईतून आधीच काकांच्या हातात ठेवलेत.

मावशीचं पेडल आता इथल्याच अ‍ॅडॉप्टरवर चालतं. गणेशोत्सवात भावाने ते मंडळाच्या मंचावर वाजवलं, तेव्हा मावशी पहिल्या रांगेत होती. शेजारच्या काकूंना ती सांगत होती, ‘‘तो घुमतोय ना आवाज, तो मी आणलाय जपानहून.’’