आवड म्हणजे संमती नव्हे

समजा, लेस्टरमधल्या तुमच्या खोलीत, दार लावून, तुम्ही पॉर्न बघितलंत. लॅपटॉप मिटला आणि मनात आलं: ‘मला हे आवडलंच कसं?’ हा प्रश्न पडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

फिओना व्हेरा-ग्रे या लंडनमधल्या संशोधक. पॉर्नबद्दल १०० बायकांशी बोलून त्यांनी २०२४ मध्ये ‘विमेन ऑन पॉर्न’ हे पुस्तक लिहिलं. त्यात सुख आहे, लाज आहे आणि ‘पडद्यावरच्या त्या बाईला हे खरंच हवं होतं का?’ ही धास्तीही. पुष्कळदा हे सगळं एकाच बाईच्या मनात.

मग बायकांना नक्की आवडतं काय? नुसते क्लिक मोजून ते कळत नाही. व्हेरा-ग्रे, क्लेअर मॅकग्लिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या लोकप्रिय पॉर्न साइट्सच्या पहिल्या पानावरची शीर्षकं तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: दर आठातलं एक शीर्षक लैंगिक हिंसेचं वर्णन करणारं. मेसमध्ये रोज बटाटाच वाढायचा आणि वर म्हणायचं, पोरांना बटाटा फार आवडतो, त्यातलाच हा प्रकार.

अनुभवाचाही भाग असतो. जबरदस्तीचं तेच दृश्य एकीला निव्वळ कल्पना वाटेल, कारण थांबवायचं बटण तिच्या हातात आहे. दुसरीला जोडीदाराने केलेली बळजबरी आठवेल. पण अनुभवामुळे आवड घडली की आवडीमुळे अनुभव, हे एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणातून सांगता येत नाही.

आणि श्रद्धा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्ज यांच्या अभ्यासांत दिसलं, की पॉर्न बघणं पाप आहे असं मानणारे लोक थोडं बघूनही स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता जास्त. म्हणजे त्रास खरा, पण त्याचं मूळ कधीकधी बघण्यापेक्षा मनातल्या झगड्यात असतं. आपल्याकडे तर हा विषय निघाला की सगळे गप्प. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून हे मौन मोडलं, तर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

तेव्हा ‘मी वाईट आहे का?’ हा प्रश्न सोडा. त्याऐवजी विचारा: बघून झाल्यावर मला कसं वाटतं? पडद्यावर आवडलेलं खऱ्या आयुष्यात नको असेल, तर तसं जोडीदाराला सांगता येतं का? आणि तो ऐकतो का? ‘तुला आवडतं ना, मग?’ असं कुणी म्हणालं, तर उत्तर साधं आहे: बघायला आवडतं, म्हणून करायला होकार दिला असं होत नाही.