मालमोटारीचें भाडें व परतीचा भार

जातांनाचें भाडें भरपूर मिळालें म्हणजे नफा झाला, अशी मालमोटार बाळगणाऱ्या अनेक शेतकरी बंधूंची समजूत असते. ती घातक होय.

समजा, लासलगांवाहून कांदा नेण्यास दोन वाटा आहेत व रिकामी धाव धरून प्रत्येक फेरा ४८० किलोमीटरांचा आहे. डिझेल, टायर, हप्ता, विमा, वेतन व पथकर मिळून किलोमीटरास ४० रुपये पडल्यास खर्च १९,२०० रुपये होतो. आडगांवीं जाण्यास १६,००० रुपये मिळाले, पण गाडी रिकामी परतली, तर ३,२०० रुपये तोटा येतो. वाशीस जाण्यास १३,००० च मिळाले, परंतु कळंबोलीच्या पोलाद बाजारांतून नाशिकसाठीं ८,००० रुपयांचें लोखंड मिळालें, तर १,८०० रुपये उरतात. उघड्या गाडीस असा माल सोयीचा असतो.

मात्र परतीच्या मालासाठीं दोन दिवस तिष्ठल्यास ही शिल्लक हप्त्यांत व वेतनांतच जिरते. शिवाय राष्ट्रीय महामार्गावरील नाक्यावर चोवीस तासांत परतल्यास दोन्ही खेपांचा पथकर एकेरीच्या दीडपटच पडतो. म्हणून परतीचा भार निघण्यापूर्वींच ठरवावा, आणि भाडें नेहमीं दोन्ही अंगांच्या किलोमीटरांवर मोजावें.