केंब्रिजच्या कॅन्टीनमधून बीफ कसं हटलं?

केंब्रिज विद्यापीठाच्या केटरिंग विभागाने 2016 मध्ये बीफ आणि लँब मेन्यूतून काढलं. या दोन मांसांचा कार्बनभार सर्वांत जास्त. पण निव्वळ बंदी घालून ते थांबले नाहीत 👇

🌱 आचाऱ्यांना वनस्पतीजन्य स्वयंपाकाचं प्रशिक्षण दिलं
🌱 काउंटरवर असे पदार्थ मांसाहाराच्या आधी मांडले
🌱 ‘व्हीगन’ या शिक्क्यापेक्षा चवीवर भर दिला

2019 मध्ये विद्यापीठाने निकाल जाहीर केला: खरेदी केलेल्या दर किलो अन्नामागे कार्बन उत्सर्जन 33 टक्क्यांनी, तर जमिनीचा वापर 28 टक्क्यांनी घटला!

त्याच वर्षी केंब्रिजच्याच संशोधकांनी 94 हजारांहून अधिक जेवणांची विक्री तपासली. चारपैकी एकाऐवजी दोन पर्याय शाकाहारी ठेवले, की शाकाहारी जेवणांचा खप 41 ते 79 टक्क्यांनी वाढला. एकूण विक्रीत मात्र फारसा फरक नाही. सर्वाधिक बदल कुणात? एरवी क्वचितच शाकाहारी घेणाऱ्यांत!

म्हणून तुमच्या कॉलेजात असा उपक्रम राबवणार असाल, तर भाषणं नंतर. आधी आचाऱ्यांना सोबत घ्या आणि ताटातले पर्याय वाढवा.